क्रॉस नवे टाकले तरी जीप थरथरतच होती

जीप दाजींची. पाटणच्या पुढं कोयनेच्या अंगाला त्यांचं गाव आहे, गाडी जुनी, डिझेल, मागच्या चाकांना ड्राईव्ह, पूर्वी कराड-पाटण वडापला पळायची आणि आता खताची पोती, दुधाचे कॅन, लग्नसराईत पाहुणे असलं सगळं वाहते. मीटर दोन लाखाच्या पुढं कुठंतरी बंद पडलाय त्यामुळं नक्की किती चाललीय ते गाडीलाच माहीत. मी डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला नोकरी, म्हणजे घरच्यांच्या मते गाडीतलं मला सगळं कळतं, प्रत्यक्षात मी कंपनीत प्रेसवर आहे आणि शाफ्टखाली, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडं नेणाऱ्या फिरत्या नळीखाली, झोपायची वेळ त्याआधी दोनदाच आलेली. बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, गेलो होतो तेव्हा जेवता जेवता दाजी म्हणाले, "पाव्हणं, तेवढी गाडी बघा की जरा. क्लच सोडला की खाली टण्ण करतंय, आन् पन्नाशीच्या वर गेलं की बूड बधीर हुतंय."

अजून एक वाक्य ते बोलले होते, "गेल्या साली क्लच प्लेट टाकली तवापासनं जरा थरथरतीयाच म्हणा." हे मी ऐकलं, मान हलवली आणि भाकरी मोडली. सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या वाक्यात होती आणि ती मला दोन दिवसांनी सापडली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

मी यायच्या आधी गाडीवर बराच खर्च झाला होता. चारी चाकांचं बॅलन्सिंग, गिअरबॉक्सखालचं रबर बदललं, सायलेन्सरचे हँगर नवीन. कोणी वाईट हेतूनं केलं असं नाही, थरथर म्हटलं की माणूस आधी चाकाकडंच बघतो. पण चाकाची थरथर आणि शाफ्टची थरथर बुडाला वेगळी कळते. आपल्या जीपचा हिशोब बघा, ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातो, म्हणजे चाक मिनिटाला साडेचारशे फेऱ्या, सेकंदाला सात-आठ. डिफरन्शिअलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दातांच्या डब्याचा, रेशो ४ च्या जरा वर धरला तर शाफ्ट फिरतो मिनिटाला साडेअठराशेच्या आसपास, सेकंदाला ३१. त्यामुळं चाक बिघडलं तर स्टेअरिंग हलतं, मोठं आणि संथ, आणि शाफ्ट बिघडला तर सीटखालून मुंग्या आल्यासारखं बारीक येतं. मी रस्त्याला लागून सरळ मोकळा पट्टा बघून साठीला गाडी नेली आणि न्यूट्रल करून इंजिन आयडलला सोडलं, मुंग्या तशाच. म्हणजे इंजिन, क्लच निर्दोष सुटले, भानगड गिअरबॉक्सच्या मागं. आणि गाडी गल्लीतनं हळू नेताना खालून चिक-चिक-चिक, चिमणीसारखं, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारं. हा आवाज कोरड्या क्रॉसचाच, एकदा ऐकला की विसरत नाही.

क्रॉस म्हणजे युनिव्हर्सल जॉईंटमधला तो अधिक चिन्हासारखा लोखंडी तुकडा. गॅरेजात अख्ख्या जॉईंटलाच क्रॉस म्हणतात, दुकानात पण "क्रॉस द्या" एवढंच म्हणायचं. त्याच्या चार टोकांवर वाटीसारख्या चार कॅप, प्रत्येक वाटीत आतून गोल उभ्या रचलेल्या बारीक सुया, तेच त्याचं बेअरिंग. दोन वाट्या शाफ्टच्या योकमध्ये, दोन समोरच्या फ्लेंजच्या, म्हणजे बोल्टनं जोडायच्या चकतीच्या, योकमध्ये. योक म्हणजे बेचक्यासारखा भाग, त्याच्या दोन फांद्यांना कान म्हणतो आम्ही. गिअरबॉक्स चासीला घट्ट आणि मागचं हौसिंग, म्हणजे डिफरन्शिअल आणि ॲक्सलचं कवच, स्प्रिंगच्या पाट्यांवर खालीवर उड्या मारतंय, या दोघांच्या मधनं फिरती ताकद न्यायची तर असा वाकणारा सांधा लागतोच. पुढच्या चाकांना ड्राईव्ह असलेल्या आताच्या छोट्या गाड्यांत हा शाफ्टच नसतो, तिथं सीव्ही जॉईंट म्हणून दुसऱ्या प्रकारचा सांधा, तो वेगळा विषय.

दुसऱ्या दिवशी पावसानं उघडीप दिली. गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी घेतली, गावातल्या मिस्त्रींना बोलावलं, ते ट्रॅक्टरचे मिस्त्री, पण हातोडा आणि व्हाईस त्यांच्याकडंच होता. चाकांना दगड लावले, न्यूट्रल केलं, खाली सरकून एका हातानं फ्लेंज आणि दुसऱ्या हातानं शाफ्ट धरून उलटसुलट पिळलं. इथं एक फसगत होते, शाफ्ट थोडा फिरतोच, कारण डिफरन्शिअलच्या दातांत थोडी मोकळीक असते. ती बघायची नसते. क्रॉसच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग एकदम हलतायत का एक आधी एक नंतर, ते बघायचं. मागच्या क्रॉसला सरळ सरळ टक-टक होतं, आणि दोन वाट्यांच्या भोवती लाल पूड, कुंकवासारखी. ती पूड म्हणजे सुयांचं आणि टोकांचं झिजलेलं, गंजलेलं लोखंड. ती दिसली की पुढं काही तपासायचं राहत नाही. पुढचा क्रॉस बरा वाटत होता पण शाफ्ट उतरवायचाच आहे तर दोन्ही टाकू असं ठरलं.

उतरवायच्या आधी खुणा करायच्या हे मला पाठ होतं. बेंदराला बैलांच्या शिंगांना लावलेला लाल रंग उरला होता, तोच काडीला लावून पुढचं फ्लेंज-फ्लेंज, मागचं फ्लेंज-फ्लेंज आणि मधल्या सरकत्या जोडाच्या दोन्ही बाजूंवर पट्टे ओढले. या जीपचा शाफ्ट एका तुकड्याचा, दोन्ही टोकांना चार-चार बोल्टचं फ्लेंज आणि मध्ये दातांचा सरकता जोड, मागचं हौसिंग खालीवर झालं की शाफ्ट तेवढा लांब-आखूड होतो. मोठ्या अभिमानानं खुणा केल्या. जे होतं तसंच परत बसवायचं म्हणजे चूक होणार नाही, असा माझा समज.

बोल्ट मातीनं आणि गंजानं असे धरले होते की रात्रीच डिझेल मारून ठेवलं ते बरं झालं. दोन बोल्ट पान्याला लांब पाईप लावूनच सुटले. शाफ्ट दोरीनं चासीला बांधून घेतला, एक टोक सोडून दुसऱ्यावर लोंबकळत ठेवला तर जो चांगला क्रॉस आहे तोही आवळतो, शिवाय अख्खा शाफ्ट तोंडावर आला तर दात जातात, गाडीचे नाही, आपले. आणि इथंच एक गोष्ट झाली. बोल्ट सोडताना शाफ्ट फिरू नये म्हणून आम्ही गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली होती. दाजींनी मध्येच एका बाजूचा दगड काढून दुसरीकडं लावायला घेतला, शेवटचा बोल्ट सुटला, शाफ्ट खाली आला आणि जीप वीतभर मागं सरकली. गिअर टाकलाय म्हणून गाडी उभी राहील हा भरवसा शाफ्ट जागेवर आहे तोवरच, शाफ्ट निघाला की गिअरबॉक्स आणि चाकं यांचा काही संबंधच उरत नाही. हँडब्रेकची केबल तर कधीच तुटलेली. मी तेव्हा खाली होतो. मागचं टोक जॅकवर नव्हतं, चाकं जमिनीवरच होती म्हणून वीतभरावर भागलं. त्यानंतर चारी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि दाजींना चहा करायला पाठवलं.

(ज्या गाड्यांत शाफ्टचं पुढचं टोक बोल्टनं न बसवता सरळ गिअरबॉक्समध्ये घुसवलेलं असतं तिथं शाफ्ट ओढला की ऑईल येतं, खाली ट्रे ठेवा. आमच्यात फ्लेंज होतं, ते वाचलं.)

क्रॉस काढायचं मुख्य काम व्हाईसवर. आधी प्रत्येक वाटीच्या पाठीवरचा लॉक, म्हणजे सर्कलिप, काढायचा. वाटीवर पंच ठेवून एक हलका ठोका दिला की वाटी केसभर आत जाते आणि लॉकवरचा दाब सुटतो, मग प्लायरनं निघतो. सात निघाले, आठवा गंजून खाचेशी एकजीव झालेला, तो बारीक छिन्नीनं तुकडे करून काढावा लागला. मग व्हाईसच्या एका जबड्याला वाटीपेक्षा लहान सॉकेट, समोरच्या जबड्याला वाटी आत मावेल असा मोठा सॉकेट, मध्ये योक, आणि आवळत जायचं. लहान सॉकेट इकडची वाटी ढकलतो, ती क्रॉसला ढकलते, क्रॉस समोरच्या वाटीला बाहेर मोठ्या सॉकेटात ढकलतो. बाहेर आलेली वाटी व्हाईसमध्ये धरून योकला वरनं रबरी हातोड्यानं ठोकलं की ती निघते. मग उलटं करून दुसरी. मिस्त्रींची पद्धत वेगळी, योकचा कान धरून घण घालायचा. पुढचा क्रॉस त्यांनी तसाच काढला, निघालाही माझ्या आधी, खोटं कशाला बोला. पण कान वाकला किंवा भोक चेपलं की नवा क्रॉस त्यात कधीच नीट फिरत नाही आणि ते डोळ्याला दिसतही नाही, शिवाय वाट्या कडक पोलादाच्या, ठोकताना कपची उडते. चष्मा घाला, निदान उन्हाचा तरी.

मागच्या क्रॉसची हालत बघण्यासारखी होती. एका वाटीत सुयाच नव्हत्या, होती ती तपकिरी भुकटी. क्रॉसच्या त्या टोकावर सुयांच्या रेघा कोरल्यासारख्या उठलेल्या, नखाला लागत होत्या. कारण पण समोर दिसत होतं, ग्रीसच्या निपलचं, म्हणजे ग्रीस भरायच्या बारीक तोटीचं, तोंड चिखलानं दगडासारखं बंद. ग्रीसगन लावली की ग्रीस आत न जाता निपलच्या बाजूनं बाहेर ओघळणार, आणि लावणाऱ्याला वाटणार झालं ग्रीसिंग. त्यात गाडी दर आठवड्याला ओढ्यात धुवायची, सील कडक झालेले, पाणी आत आणि ग्रीस बाहेर.

नवा क्रॉस आणायला कराडला गेलो तिथं एक खेटा फुकट गेला. जुना क्रॉस घेऊनच गेलो होतो, दुकानदारानं वाटीला वाटी लावून बघितली, बरोबर २७ मिमी, पुडकं दिलं. घरी येऊन बघतो तर आडव्या लांबीत फरक, लॉक खाचेत बसेचना. एकाच मापाची वाटी वेगवेगळ्या लांबीच्या क्रॉसला येते, तेव्हा व्हर्निअर घेऊन दोन्ही मापं घ्या, वाटीचा व्यास आणि समोरासमोरच्या दोन वाट्यांची पाठीला पाठ लांबी. आणि लॉक बाहेरच्या बाजूनं बसतो का आतल्या, तेही बघा. दुसऱ्या दिवशी बदलून आणला, दोन्ही क्रॉस मिळून बाराशेच्या आत आले.

योकची भोकं पॉलिश पेपरनं फक्त गंज जाईपर्यंत पुसली, जास्त घासायचं नाही, वाटी तिथं दाबूनच बसली पाहिजे. बोटानं ढकलून आत जात असेल तर योकच गेला असं समजा. मिस्त्री म्हणाले वाटी ढिली झाली तर वेल्डिंगचा टिपका मारू, आमच्यात ती वेळ आली नाही, आली असती तरी मी भांडलो असतो. वेल्डिंगच्या आचेनं सुया, सील आणि ग्रीस तिन्ही जातात आणि पुढच्या वेळी क्रॉस काढायला गॅस कटर लागतो.

बसवताना सुयांची काळजी. वाटीत बोटानं ग्रीस भरायचं म्हणजे सुया भिंतीला चिकटून उभ्या राहतात. वाटी अर्धी भोकात घालायची, क्रॉसचं टोक आतनं तिच्यात घालायचं, मग समोरची वाटी, आणि दोन्ही दाबत जाताना क्रॉस दोन्हीकडं थोडा थोडा आत आहे ना हे हातानं हलवत तपासत राहायचं. मी तिसऱ्या वाटीला घाई केली. वाटी जवळजवळ आत गेली आणि दोन-तीन मिलीमीटर बाहेर राहून अडली, लॉकची खाच दिसेना. मिस्त्री म्हणाले हाणा अजून एक. मी पण हात उचलला होता. मग म्हटलं काढूनच बघू, काढली तर एक सुई पडून वाटीच्या बुडाशी आडवी. हाणलं असतं तर वाटीचं बूड फुटलं असतं, नवा क्रॉस पहिल्याच दिवशी भंगारात. सुई उभी केली, परत ग्रीस, परत दाबली, अंगठ्यानं ढकलावी तशी गेली.

लॉक बसल्यावर जॉईंट एकदम कडक वाटतो, एका दिशेला हलतच नाही. घाबरायचं नाही, योकच्या कानांवर बाहेरून हलके दोन ठोके दिले की वाट्या सरकून लॉकला टेकतात आणि क्रॉस मोकळा होतो. सगळ्या दिशांना सारखाच, किंचित जड फिरला पाहिजे. निपलचं तोंड शाफ्टच्या बाजूला, ग्रीसगन पोचेल असं. ग्रीस मारलं ते चारी सीलमधून ताजं डोकावेपर्यंत.

शाफ्ट वर चढवला, लाल पट्ट्याला लाल पट्टा जुळवला, बोल्ट नवीन नटांसकट आवळले. संध्याकाळी मी, दाजी आणि मिस्त्री कोयनानगरच्या रस्त्याला. टण्ण गेलं. चिमणी गेली. पन्नास झाले, पंचावन्न, आणि सीटखालून मुंग्या. अगदी पहिल्यासारख्या. दाजी काही बोलले नाहीत, फक्त रेडिओ बंद केला, ते जास्त लागलं.

रात्री माझं डोकं फिरलेलं. क्रॉस चुकीचा बसला? शाफ्ट वाकलाय? शाफ्टवर बॅलन्ससाठी चिकटवलेली पत्र्याची चकती आमच्या ठोकाठोकीत उडाली? ती तर जागेवर होती, मी बघितली होती. आणि मग ते भाकरीच्या वेळचं वाक्य आठवलं. क्लच प्लेट टाकली तेव्हापासून. क्लच प्लेट टाकायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि गिअरबॉक्स उतरवायला शाफ्ट काढावा लागतो. म्हणजे माझ्या आधी हा शाफ्ट कोणीतरी काढून बसवला होता, आणि मी माझ्या लाल पट्ट्यांनी त्याचीच जोडणी जशीच्या तशी जपून ठेवली होती.

सकाळी कंदील नाही पण मोबाईलची बॅटरी घेऊन खाली गेलो. शाफ्टच्या नळीला जो पुढचा योक आहे त्याचे कान आडवे, मागच्या योकचे कान उभे. शाफ्टच्याच दोन टोकांचे कान एका पातळीत पाहिजेत, इथं पाव फेरीचा फरक. सरकत्या जोडावरचा मळ पत्र्यानं खरवडला तर खाली कंपनीचे दोन बाण ठोकलेले निघाले, एक बाहीवर, एक शाफ्टवर, आणि ते एकमेकांकडं बघत नव्हते.

यानं एवढी थरथर का होते ते डिप्लोमाला असताना हूक्स जॉईंट म्हणून घोकलं होतं. रॉबर्ट हूक, तोच स्प्रिंगच्या नियमाचा, १७ व्या शतकातला, त्याच्या नावावर हा सांधा. गाड्यांसाठी त्याला कामाचं रूप दिलं अमेरिकेतल्या क्लॅरेन्स स्पायसरनं, पेटंट १९०३ चं. या सांध्याची खोड अशी की तो वाकलेला असताना एका बाजूनं एकसारखा फिरवला तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही, एका फेरीत दोनदा पुढं पळते आणि दोनदा मागं रेंगाळते. समजा सांधा १० अंशात वाकलाय. इकडं १०० चा वेग दिला तर तिकडं तो ९८.५ ते १०१.५ असा हेलकावतो. म्हणूनच शाफ्टला दोन्ही टोकांना सांधे, दोघांचे कोन सारखे आणि कान एका पातळीत, मग पहिला जिथं पळतो तिथं दुसरा तेवढाच रेंगाळतो आणि डिफरन्शिअलला शांत वेग मिळतो. कान पाव फेरी चुकले की वजाबाकीची बेरीज होते, ९७ ते १०३. आणि वर काढलेला हिशोब धरा, साठीला शाफ्टच्या सेकंदाला ३१ फेऱ्या, फेरीत दोन हेलकावे, म्हणजे सेकंदाला ६२ झटके, सीटखाली. नुसता क्रॉस झिजला असता तर त्याचा टण्ण वेगळा, थरथर वेगळी, पण दोन्ही एकदम होत्या म्हणून मी दोघांना एकच आजार समजलो. ग्रीस नव्हतं म्हणून क्रॉस मेला हे खरंच, पण वर्षभर त्या झटक्यांत फिरून तो लवकर मेला असावा असं माझं मत.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. मागचे चार बोल्ट काढले, धुळीची टोपी सैल करून सरकता जोड ओढून वेगळा केला, पाव फेरी फिरवला, बाणासमोर बाण आणून परत घातला. दातांना ग्रीस लावलं. मिस्त्रींनी शाफ्ट जमिनीवर आडवा ठेवून एका टोकाला बसून एक डोळा मिटून दुसऱ्या टोकाकडं बघितलं, तुळई सरळ आहे का बघतात तसं, आणि म्हणाले, "आत्ता एका रांगंत आली बघा कानं." लाल पट्टे मी रॉकेलनं पुसून टाकले आणि बाणांवर पिवळा रंग लावला, बैलांच्या दुसऱ्या शिंगाचा.

त्या दिवशी कुंभार्ली घाटाच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. साठ, पासष्ट, सत्तर. दाजींनी मध्येच रेडिओ लावला.

दिवाळीत परत गेलो तेव्हा खाली बघून आलो. लाल पूड नाही, सील ओले, निपल पुसलेलं, दाजी आता ग्रीसगन मारायच्या आधी निपल चिंधीनं पुसतात आणि शेजाऱ्यालाही पुसायला लावतात. रिव्हर्समधून पहिला टाकला की एक बारीक टक अजून येतो. तो डिफरन्शिअलच्या दातांचा आहे, गाडीचं वय बघता तो तसाच ठेवायचं ठरलंय.